नाक मुरडू नका, पण करार वाचून सही करा

मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात ऑपरेटर पाळीवर आला की हवा सोडण्याच्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या मेजरिंग सिलेंडरमध्ये घेतो आणि अर्धा तास न हलवता ठेवून देतो. गाळ सावकाश खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. गाळ कुठल्या खुणेपर्यंत आला, त्यावर पुढचं काम ठरतं. रंग चॉकलेटी असेल तर टाकीतले जिवाणू ठणठणीत आहेत. तो काळपट पडून कुजका वास यायला लागला की हवा कमी पडतेय, म्हणजे आधी ब्लोअर बघायचा. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. नजर बसायला मात्र महिनोन्‌महिने टाकीकाठी उभं राहावं लागतं. म्हणून ही विद्या अप्रेंटिस राहूनच शिकावी.

पालकहो, दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी या कामाचा विचार करा. मुंबईत सात ठिकाणी मिळून रोज २४६४ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आहे. पुण्यात मुळा-मुठेसाठी रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रं मंजूर झाली. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या गृहसंकुलांना स्वतःचा एसटीपी, म्हणजे असंच शुद्धीकरण केंद्र, लागतो. साखर कारखाने, दूध डेअऱ्या आणि एमआयडीसीतले रासायनिक कारखाने वेगळेच. यंत्रं निविदा काढून येतील. ती चालवणारे हात मात्र घडवावेच लागतात.

त्यासाठी इंजिनिअरच व्हायला हवं असं नाही. आयटीआयचा फिटर पंप खोलतो, इलेक्ट्रिशियन पॅनेल सांभाळतो, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक मीटर जुळवतो, लॅब असिस्टंट नमुने तपासतो आणि केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर सगळ्यावर नजर ठेवतो. हे हात इथे बसले की औषध कारखान्यात, पाणीपुरवठ्यात, कुठेही चालतात.

‘घाणीतलं काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगतो. हे काम पिढ्यानपिढ्या काही जातींच्या माथी मारलं गेलं, तेही विनाशिक्षण, विनासाधन. आता तिथे पॅनेल आणि प्रयोगशाळा आली, तर ज्या घरांनी हाल सोसले त्यांच्या मुलांना तिथली खुर्ची आधी मिळायला हवी. आणि इतर घरांनी हे ‘त्यांचं काम’ म्हणणं आता सोडावं.

मात्र आंधळेपणाने सही करू नका. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. त्याप्रमाणे लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. काम करताना दुखापत झाली तर भरपाईचा हक्क आहे. धोक्याच्या कामासाठी वय १८ पूर्ण लागतं. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही. म्हणून पीएफ नाही आणि पुढे नोकरी मिळेलच याची हमीही नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. करार झाला का, कुठलं काम किती महिने शिकवणार, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का, हे विचाराच. उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं, तर तिथे शिकाऊ उमेदवार नको आहे, स्वस्त मजूर हवा आहे. जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करा.

आणि मुलांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गटारात आणि बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे, उलट तेव्हाच धोका मोठा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘दोन मिनिटांचं काम आहे, उतर रे’ असं साहेब म्हणाले तरी उतरू नका. आत कोणी कोसळलं तरी मागोमाग उडी घेऊ नका. आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला बोलवा.

तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल तर या रविवारी मुलाला, मुलीला घेऊन खाली जा. ऑपरेटरदादांना म्हणा, तो सिलेंडर जरा दाखवा. अर्धा तास थांबा. गाळ बसेपर्यंत पोरांचे प्रश्न सुरू झाले, तर पुढची चौकशी सोमवारी आयटीआयमध्ये.