बियाण्यावर हक्क आहे, यंत्रावरही हवा

वाराणसी जिल्ह्यातल्या टंडिया गावचे शेतकरी प्रकाशसिंह रघुवंशी यांनी गव्हाचे ‘कुदरत’ वाण स्वतःच्या शेतात घडवले. सुरुवात कल्याणसोना आणि आरआर-२१ या जुन्या, सगळ्यांना खुल्या वाणांपासून झाली. पद्धत निवडीची. उभ्या पिकात एखादं झाड उठून दिसतं: दांडा जाड, ओंबी लांब, दाणा टपोरा. त्याला खूण करायची, ओंबी वेगळी कापून हातानं चोळायची, पुढच्या रब्बीत ते दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे आणि भेसळ झाडं उपटून टाकायची. गहू स्वपरागीत असल्यानं निवडलेले गुण टिकतात. पण नेट लागतो, आणि वर्षं जातात. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानं या कामाचा गौरव केला. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की रघुवंशी हे बी घेऊन गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांना वाटत गेले.

यामागचा विचार साधा आहे: पैसे मोजून घेतलेल्या वस्तूपासून तशीच दुसरी तयार करावी, तिच्यात बदल करावा, शेजाऱ्यालाही द्यावी. बियाण्याच्या बाबतीत हे आपल्याकडे कायद्यानं मान्य आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचंही बी राखू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो. बंदी एवढीच, की ते त्या वाणाच्या नावाचं लेबल लावून पाकिटातून विकायचं नाही. शिवाय स्वतः घडवलेला वाण शेतकरी आपल्या नावावर नोंदवू शकतो.

हा हक्क कागदावर पडून राहिलेला नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोनं एफएल-२०२७ जातीचा बटाटा लावला म्हणून गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे दाखल केले. काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. शेतकरी संघटना कलम ३९ घेऊन उभ्या राहिल्या आणि मे महिन्यात कंपनीनं दावे मागे घेतले. वाणाच्या नोंदणीचा वाद मात्र दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये तिथं कंपनीची सरशी झाली. तरीही बी राखण्याचा हक्क जागेवर आहे. आपल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक याच मोकळीकीत वाढली.

कपाशीची गोष्ट वेगळी. संकरित बीटी बियाण्याची सरकी राखली तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणून कायदा बाजूनं असूनही विदर्भातला शेतकरी दर हंगामाला नवं पाकीट घेतो. हक्क वापरता यावा अशी वस्तूच हाती नसेल तर कलमाचा उपयोग काय? सरळ वाणांच्या कपाशीवर सरकारी संशोधन केंद्रांनी जोर द्यावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

यंत्रांच्या बाबतीत तर कलमही नाही. पूर्वी ट्रॅक्टर बिघडला की तालुक्याचा मिस्त्री उघडून बसायचा. आता इंजिनाचा कारभार कंट्रोलरकडे जातोय आणि कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय अनेकदा बिघाडाचा कोडसुद्धा वाचता येत नाही. पेरणीच्या दिवसांत दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर वापसा निघून जातो. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर ग्राहकाला संगणक प्रणालीची राखीव प्रत काढू देतं, कामापुरता बदलही करू देतं; पण कंपनीनं कुलूप उघडून द्यावं, असं बंधन त्यात नाही. केंद्रानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत, त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. पोर्टलवर माहिती मिळते, हक्क मिळत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा स्वतंत्र कायदाच केला.

आपल्याकडे कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. ट्रॅक्टर आणि अवजारांना राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान मिळतं, म्हणजे पैसा जनतेचा आहे. दुरुस्तीची पुस्तिका, सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची प्रणाली कुठल्याही मिस्त्रीला रास्त दरात न देणाऱ्या कंपनीचं यंत्र राज्य सरकारनं अनुदानाच्या यादीतून काढावं.