भालाइताची किंमत

भालाईत हा कुचकामी सैनिक आहे, असे आमच्या वसतिगृहातील बहुमत आहे. या बहुमताविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. लेख संगणकावरच्या एका खेळाविषयी आहे हे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचे असेल त्यांना ते वेळेवर उलटता येईल. इतिहास विभागातील आमच्या सरांनी मात्र ते उलटू नये. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

खेळाचे नाव 'एज ऑफ एम्पायर्स', भाग दुसरा. तो १९९९ साली निघाला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. २०१९ साली त्याची नवी आवृत्ती आली, पण जुनी आवृत्ती कसल्याही खटाऱ्या लॅपटॉपवर चालते, आणि म्हणूनच ती आमच्यापर्यंत पोचली. मध्ययुगातले एखादे राज्य निवडायचे, गावकऱ्यांकडून अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करून घ्यायचा, सैन्य उभारायचे आणि शेजाऱ्याचे राज्य बुडवायचे. आपल्याला अभ्यासाला असलेला राजकीय इतिहास याहून फारसा वेगळा नाही.

आमच्या खोलीत खेळापुरते दोन लॅपटॉप जमतात. दोन्ही माझे नाहीत. एक माझ्या मैत्रिणीचा आणि दुसरा शेजारच्या खोलीतून उसना आणलेला. मैत्रीण नेहमी फ्रँकांचे राज्य घेते. फ्रँक म्हणजे घोडदळ. ती तिसऱ्या युगात पोचली, की तिच्या तबेल्यातून 'नाइट' बाहेर पडू लागतात. नाइट म्हणजे अंगभर चिलखत घातलेला घोडेस्वार. आपल्याकडचा जवळचा शब्द शिलेदार, घोडाही स्वतःचा आणि तोराही स्वतःचा. असे चारपाच स्वार माझ्या लाकूडतोड्यांत घुसतात. मी घंटा वाजवते, गावकरी धावत मुख्य इमारतीत शिरतात. तिथे पंधराजण मावतात, उरलेले बाहेर मरतात. स्वार निघून जातात. गावकरी बाहेर येऊन कुऱ्हाड उचलतात तोच स्वार पुन्हा हजर. पहिल्या सत्रात मी अकरा डाव खेळले आणि अकराही हरले.

सगळ्यांचा सल्ला एकच होता: "तूही नाइटच काढ." घोडदळाला उत्तर घोडदळ, हे वसतिगृहातले सर्वमान्य शास्त्र. परंतु एका नाइटला ६० अन्न आणि ७५ सोने पडते. ज्याने आधी सोन्याची खाण धरली त्याचे नाइट आधी निघतात, आणि ज्याचे आधी निघतात तो दुसऱ्याला खाणीवर फिरकू देत नाही. म्हणजे मागे पडलेल्याने पुढे गेलेल्याचीच नक्कल करायची, तीही त्याच्याहून कमी पैशात! हा सल्ला मला खेळाबाहेरही पुष्कळांनी दिलेला आहे, त्यामुळे तो चटकन ओळखू आला.

भालाईत पडतो ३५ अन्न आणि २५ लाकडाला. सोने शून्य. मग तो कुचकामी का ठरतो? मी वहीत हिशेब मांडला. तिसऱ्या युगात भालाइतांना लांब भाले देता येतात, त्यासाठी एकदाच काय ते थोडे सोने मोजावे लागते. असा भालाईत घोडेस्वारावर एका वारात २४ गुणांची जखम करतो. नाइटचा प्राण १०० गुणांचा, म्हणजे पाच वार हवेत. (फ्रँकांच्या स्वारांना २० टक्के प्राण जास्त असतो, तरी वार पाचच लागतात. हे मैत्रिणीला अजून ठाऊक नसावे.) उलट नाइटचा एक वार १० गुणांचा आणि भालाइताचा प्राण ५५, म्हणजे सहा वार. इथवर भालाईत जिंकायला हवा. पण भालाईत साधारण तीन सेकंदांना एक वार करतो, तर नाइट दोन सेकंदांच्या आतच. त्यामुळे भालाइताचा पाचवा वार पडण्याआधी नाइटचा सहावा वार पडलेला असतो. एकास एक, तर भालाईत मरतो. बहुमताचे म्हणणे इथपर्यंत अगदी खरे आहे.

आता त्याच नाइटसमोर दोन भालाईत उभे करा. दोघांचे मिळून तीन तीन वार पुरतात, आणि त्याला सहा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत नाइट एकावरच चार वार करू शकतो, म्हणजे ५५ पैकी ४० गुण जातात. नाइट पडतो आणि दोन्ही भालाईत जिवंत राहतात. एक मेला असता, दोघे वाचतात. या दोघांची मिळून किंमत ७० अन्न आणि ५० लाकूड, म्हणजे एका नाइटपेक्षा कमीच.

हे गणित सुटले त्या रात्री आईचा फोन आला होता. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. त्या वेळी ते कारखान्याच्या तळावर होते. काय करायलीस, असे तिने विचारले, तेव्हा खोटे बोलवले नाही म्हणून मी खेळाचे सांगितले. एकटा भालेवाला घोड्यापुढे टिकत नाही, एवढेच तिला समजेल अशा बेताने सांगितले. ती म्हणाली, "मग येकला कशाला धाडतीस? जोडीनं धाड की." वहीचे दीड पान मी त्याच उत्तरासाठी खर्च केले होते. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, आणि ट्रकमध्ये दोघांनी भरायचे. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या वहीत ही नोंद अशीच असते. अर्थात आईला मी जितकी कमी समज आहे असे धरून बोलत होते, तितकी माझीच कमी निघाली.

तेव्हापासून मी भालाईत एकेकटे सोडत नाही. गावाभोवती आधी घरे आणि कुंपण अशा रीतीने बांधते, की आत यायला एकच तोंड राहील, आणि त्या तोंडाशी आठदहा भालाईत उभे करते. मुख्य गोष्ट, स्वार पळाले तरी त्यांच्यामागे धावायचे नाही. घोड्याचा वेग जास्त. भालाईत मागे लागले, की त्यांची रांग फाटते, आणि स्वार वळून एकेकाला गाठतात. आमच्याकडे भालाईत हरतात ते बहुतेक असेच. आधी चार मारल्याच्या आनंदात पाठलाग, मग एकेकाचे मरण. दोष भालाइताचा नव्हे. या पद्धतीने दुसऱ्या सत्रात मी नऊपैकी सहा डाव जिंकले.

एवढ्या भांडवलावर मी इतिहासाच्या तासाला तोंड उघडले. मध्ययुगीन युरोपातील सरंजामी घोडदळ हा विषय चालला होता. घोडदळ अजिंक्य नव्हते आणि स्वस्त पायदळ त्याला पुरे पडत होते, असे मी आकडेवारीसह सांगितले. आकडे कुठले, असे सरांनी विचारले. मी खरे ते सांगितले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या खेळात भालाईत पळून जातो का?"

नाही जात. खेळातला भालाईत शेवटचा गुण संपेपर्यंत उभा असतो. अंगावर वीस घोडे येत असले तरी तो जागचा हलत नाही. मला उत्तर सुचले नाही, मी खाली बसले. त्या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले, आणि तिथे कूर्त्रेची लढाई सापडली.

११ जुलै १३०२. आजच्या बेल्जियममधील कूर्त्रे या गावाबाहेरचे ओढ्यांनी आणि चरांनी चिरलेले मैदान. एका बाजूला फ्रान्सच्या राजाचे सैन्य, सेनापती आर्त्वाचा रोबेर, आणि भरवसा सगळा नाइटांवर. दुसऱ्या बाजूला फ्लँडर्सच्या शहरांतले लोक, विणकर, कापड कुटणारे, खाटीक. त्यांच्या हातांत लांब भाले आणि 'गुदेनदाग' नावाचा सोटा, ज्याच्या टोकाला लोखंडी खिळा असे. त्यांचे पुढारी घोड्यांवरून खाली उतरून त्यांच्यात पायी उभे राहिले. नाइट चालून आले. फ्लँडर्सची रांग वाकली, पण फुटली नाही. आर्त्वाचा रोबेर मारला गेला. सरदार पकडून खंडणी घ्यायची नाही, असे आधीच ठरले होते, त्यामुळे पडला तो मेला. नाइटांच्या टाचांना लावलेले सोन्याचे काटे, ज्यांनी ते घोड्याला टोचून पळवीत, गोळा करून तिथल्या चर्चमध्ये टांगण्यात आले. म्हणून तिला सोनेरी काट्यांची लढाई म्हणतात. बेल्जियमचा फ्लेमिश समाज आजही ११ जुलैला सुट्टी घेतो.

ही रांग का फुटली नाही? युद्धेतिहासाचे अभ्यासक सांगतात, की घोडा शहाणा जनावर आहे, समोर माणसांची सलग भिंत दिसली, तर तो आपण होऊन तीवर आदळत नाही. स्वाराचा खरा डाव असतो तो भीतीवर. घोड्यांच्या टापा ऐकून रांगेतले दोघे पळाले, की भगदाड पडते, आणि त्यातून घोडे आत शिरतात. म्हणजे भाला हे निम्मेच शस्त्र. उरलेले निम्मे, शेजारचा पळणार नाही ही खात्री. ती खात्री कूर्त्रेच्या विणकराला कशी आली? तो शेजाऱ्याला ओळखत होता. फ्लँडर्समधले कारागीर आपापल्या श्रेणीच्या निशाणाखाली उभे होते. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्यांचा संघ. (नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात विणकरांच्या श्रेणी येतात, तो प्रश्न आपल्याला परीक्षेला पडतो. त्याच जातीची ही संस्था.) एकत्र काम करणारी, एकमेकांच्या घरच्या अडचणी जाणणारी माणसे ती. पळून गेला, तर दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने मागावर बसणार?

खेळात याची किंमत कुठेच लावलेली नाही. ३५ अन्न आणि २५ लाकूड दिले, की भालाईत बाहेर येतो, त्याच्याबरोबर त्याचे धैर्य फुकट येते. माझी तक्रार इथे आहे. नाइटच्या किमतीत घोडा, चिलखत, सोने, सगळे धरलेले आहे. भालाइताच्या किमतीत मात्र काठी आणि भाकरी तेवढी धरली. त्याला रांगेत उभे ठेवायला ज्या गोष्टीला कित्येक वर्षे लागली, ती हिशेबात नाही. या बाबतीत 'मेडिव्हल टू: टोटल वॉर' हा २००६ सालचा खेळ अधिक प्रामाणिक वाटला. तो मी एका मैत्रिणीच्या भावाच्या संगणकावर पाहिला. त्यात तुकडीला हिंमत असते, बाजूने किंवा पाठीमागून घोडे आले, की ती खचते, आणि पांढरे निशाण दाखवून पळू लागते. परंतु तिथेही हिंमत हा तुकडीवर छापलेला आकडाच. ती कुठून आली, याची चौकशी नाही.

आणि मी बाजू घेतली म्हणून भालाईत नेहमी जिंकतो असे नव्हे. १२९८ साली फॉल्कर्कला विल्यम वॉलेसचे स्कॉटिश भालाईत दाट घोळके करून उभे होते. इंग्रज घोडदळाला ते हटले नाहीत. मग पहिल्या एडवर्डने तिरंदाज पुढे आणले. जागच्या जागी उभ्या माणसांवर बाण पडत राहिले, घोळक्यांत खिंडारे पडली, आणि मग घोडे आत घुसले. गंमत अशी की आमच्या खेळात शिकाऊ खेळाडूला जी वॉलेसची मोहीम दिलेली आहे, तिचा शेवटचा डाव फॉल्कर्कचाच, आणि तो वॉलेसने जिंकायचा असतो! फ्लँडर्सचे लोकही पुढे हरले. १३२८ साली कासेलला आणि १३८२ साली रोझेबेकला ते आपणच चाल करून गेले आणि मोडले. रोझेबेकच्या वेळी घोडदळाने त्यांना दोन्ही बगलांनी घेरले. त्यानंतर फ्रेंचांनी कूर्त्रे जाळले आणि चर्चमधले सोनेरी काटे परत नेले. ऐंशी वर्षे त्यांनी ते विसरलेले नव्हते.

कूर्त्रेच्या विणकरांचा पुढारी पीटर द कोनिंक. लढाईच्या आधी त्याला 'नाइट' करण्यात आले. हे वाचून मला थोडे वाईट वाटले. त्याच्यासारख्या माणसाला द्यायला त्या समाजाजवळ दुसरा शब्दच नव्हता, असे दिसते.

तेव्हा भालाइताला कुचकामी म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे, की तुम्ही त्याला एकटे पाठवता आणि मग एकटा मेला म्हणून त्याला नावे ठेवता. आणि खेळाला कुचकामी म्हणणाऱ्या प्राध्यापकांना नम्रपणे सांगते, की खेळ नसता तर मी तासाला बोलले नसते, बोलले नसते तर सरांनी तो प्रश्न विचारला नसता. इतिहासाच्या वर्गात मी तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ होती. आमच्या घरात अकरावीच्या पुढे कोणी गेलेले नाही. रांगेत शेजारी कोण उभे आहे, हे मलाही पहिले वर्षभर ठाऊक नव्हते.

आईला मी कूर्त्रेची हकिकत सांगितली. सोन्याच्या काट्यांचे पुढे काय झाले, एवढेच तिने विचारले. परत नेले, म्हटल्यावर ती म्हणाली, "नेणारच."

मैत्रीण मात्र सावध झाली आहे. गेल्या आठवड्यापासून ती घोडदळाच्या आधी तिरंदाज पाठवू लागली आहे. माझे भालाईत कुंपणाच्या तोंडाशी उभ्या उभ्या मरतात आणि मग घोडे येतात. मला तिचा संशय आला म्हणून मी ग्रंथालयात चौकशी केली. फॉल्कर्कचे पान असलेले ते पुस्तक सध्या तिच्या नावावर आहे.