चोर सोडून पट्ट्याला फाशी

पट्टेदार मॅग्नम काडतुसाची शिकारी रायफल नेमकी असूच शकत नाही, असे मानणाऱ्यांचा एक पंथ अमेरिकेतील रायफलशौकिनांमध्ये चांगलाच बळावला असून, त्याच्या एका बोलघेवड्या प्रवक्त्याने हा प्रश्न आता चर्चेपलीकडचा असल्याचे परस्पर जाहीरही करून टाकले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पुंगळीच्या बुडाशी असलेला पितळी पट्टा ही जुनाट अडगळ आहे, पट्ट्यावर टेकणारे काडतूस चेंबरमध्ये सैल बसते, सैल काडतुसातली गोळी भरकटते, शिवाय अशा पुंगळ्या दोन-तीनदा वापरल्या की तुटतात, तेव्हा हाताने काडतुसे भरण्याचा खटाटोप सोडावा आणि शहाण्याने बिनपट्ट्याची नवी रायफल घ्यावी. यातला शेवटचा सल्ला रायफल विकणाऱ्यांना तरी नक्कीच पटेल.

पट्टा म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा ज्या खाचेत अडकतो, तिच्या लगेच पुढे असलेले पितळेचे जाड कडे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काडतूस आणले, तेव्हा कॉर्डाइट ही शेवयांसारख्या लांब कांड्यांची दारू प्रचारात होती, आणि आफ्रिका व हिंदुस्थानच्या उन्हात दाब वाढला तरी पुंगळी चेंबरमधून सहज सुटावी म्हणून ती निमुळती आणि उतरत्या खांद्याची (खांदा म्हणजे पुंगळी मानेकडे अरुंद होत जाते तो भाग) ठेवणे सोयीचे होते. मात्र काडतूस चेंबरमध्ये कशावर तरी टेकून थांबावे लागते, आणि त्या टेकण्याच्या जागेपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते उतरत्या खांद्यावर पक्के राखणे अवघड; म्हणून टेकण्यासाठी पट्टा आला. पुढे १९५८ चे .३३८ विंचेस्टर, १९६२ चे ७ मिमी रेमिंग्टन आणि १९६३ चे .३०० विंचेस्टर या काडतुसांना २५ अंशांचा चांगला ठसठशीत खांदा मिळाला, तरी पट्टा राहिलाच, कारण तोवर ‘मॅग्नम’ म्हटले की गिऱ्हाईक पट्टा शोधू लागले होते. पट्ट्याने पुंगळीला बळकटी येते, ही उलट्या बाजूची भाबडी समजूतही तितकीच पोकळ आहे. म्हणजे या काडतुसांना पट्टा अनावश्यक आहे, इथवर प्रवक्त्याचे म्हणणे मान्य करता येते. पण जे अनावश्यक ते अपायकारकही असलेच पाहिजे, ही त्याची पुढची उडी कोणत्या तर्कशास्त्रात बसते, ते त्याने सांगितलेले नाही.

खरा दोष कुठे आहे, हे पाहण्यासाठी पुंगळी दुसऱ्यांदा भरली जाते त्या क्षणाकडे पाहावे लागते. .३०० विंचेस्टरसारख्या चेंबरमध्ये पट्ट्याची जागा साधारण ०.२२० ते ०.२२७ इंच या मर्यादेत राखली जाते. खांद्याच्या जागेबाबत मात्र कारखाने उदार असतात, आणि कोऱ्या पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून अनेकदा १५-२० सहस्रांश इंच मागे असतो. पहिल्या बाराच्या वेळी पुंगळीची पातळ पुढची भिंत दाबाने फुगून चेंबरला घट्ट धरते, जाड बूड मागे बोल्टवर आदळते, आणि या ओढाताणीत पट्ट्याच्या किंचित पुढचे पितळ ताणले जाते, तर खांदा पुढे सरकून चेंबरच्या खांद्याला जाऊन भिडतो. इथे पुंगळी त्या चेंबरच्या मापाची झालेली असते. त्यानंतर काडतुसे भरणारा पुंगळीला पुन्हा आकार देणारा साचा, म्हणजे डाय, प्रेसमध्ये बसवतो, आणि डायसोबतच्या कागदावर छापलेले असते म्हणून ती पुंगळी धरून ठेवणाऱ्या शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आणून वर आणखी पाव फेरा देतो. डायच्या आट्या इंचाला १४ असतात, त्यामुळे पाव फेरा म्हणजे जवळजवळ १८ सहस्रांश इंच. त्यातला काही भाग प्रेसच्या लवचिकतेत जिरतो, उरलेला खांद्याला मागे ढकलतो. पुंगळी पुन्हा कोरीसारखी तोकडी होते, पुढच्या बाराला त्याच जागी पुन्हा ताणली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस तिथेच तुटली की दोषारोप ठेवायला पट्टा हाताशी असतोच. बिनपट्ट्याच्या पुंगळीचा खांदा कोणी इतका मागे ढकलला तर काडतूस चेंबरमध्ये सैल राहते आणि चूक लक्षात येण्याची शक्यता तरी असते. पट्टेदार पुंगळी मात्र पट्ट्यावर टेकून गुपचूप बसते. पट्टा गुन्हा करत नाही, गुन्हा झाकतो. आणि झाकलेले न पाहणाऱ्याने त्यालाच फासावर चढवावे, हा न्याय अजब आहे.

ज्याला हे खरे वाटत नसेल, त्याने पोलादी तार सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवावे, ते कानशीने अणकुचीदार करावे आणि वापरलेल्या पुंगळीत बुडापर्यंत घालून भिंतीला लावून हलकेच वर ओढावे. पितळ पातळ झालेले असेल, तर पट्ट्याच्या जरा वर टोक एका खाचेत अडकते; बाहेरून त्याच जागी फिकट चकचकीत रेघ उमटू लागलेली असते. ही खाच लागली की पुंगळी भंगारात टाकावी, तिच्यावर वाद घालत बसू नये.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. .३०० विंचेस्टरची मान ०.२६४ इंच, म्हणजे गोळीच्या ०.३०८ इंच व्यासाहूनही आखूड आहे, हे खरे. तरी अमेरिकी लष्कराने एम-२०१० ही स्नायपर रायफल त्याच काडतुसासाठी स्वीकारली. पट्टेदार काडतूस दूरवर नेम धरत नाही म्हणावे, तर १९३५ मध्ये ओहायोतील कॅम्प पेरी येथे बेन कम्फर्ट यांनी १,००० यार्डांवरची विम्बल्डन कप स्पर्धा .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमनेच जिंकली होती.

प्रवक्त्याचा पुरावा मात्र तीन गोळ्यांच्या लक्ष्यचित्रांचा आहे, आणि इथे एक जुना वाद पुन्हा उकरणे भाग पडते. तीन गोळ्या एका इंचात बसल्या की रायफल उत्तम आणि दोन इंचांत गेल्या की पट्टा नादान, असा निवाडा देणारे हे विसरतात की तीन गोळ्यांचा घोळका बव्हंशी योगायोगाचा असतो. तीच रायफल, तेच काडतूस, तोच नेमबाज पुढच्या तीन गोळ्यांत निकाल फिरवू शकतो. दहा गोळ्या सोडाव्यात म्हटले, तर हलक्या मॅग्नमचा खांद्यावरचा धक्का आणि तापलेली नळी आडवी येते, आणि सहाव्या बारापासून डोळे मिटून ट्रिगर ओढणाऱ्याचे पापही पट्ट्याच्याच खात्यावर जमा होते. दस्ता आणि रायफलीचे यंत्र यांची बैठक पक्की आहे का, दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत का, हे विचारायला मात्र कोणाला सवड नसते.

मग करायचे काय? फार थोडे. एकदा उडालेल्या पुंगळीचा खांदा मापकाने मोजावा, बोल्टमधून फायरिंग पिन आणि पुंगळी बाहेर फेकणारी स्प्रिंगची खुंटी काढून टाकावी, आणि डाय वरून हळूहळू खाली आणत, खांदा एक-दोन सहस्रांश इंच मागे जाऊन बोल्टचा दांडा स्वतःच्या भाराने खाली पडेल तिथे तिला कायमची थांबवावी. एवढे केले की पट्टेदार काडतूस बिनपट्ट्याच्या काडतुसासारखेच खांद्यावर टेकते. काही खेपांनंतर पट्ट्याच्या पुढे डाय न पोहोचणारा फुगवटा येतो, त्यासाठी वेगळी डाय मिळते. मानेचे पितळ अधूनमधून तापवून मऊ केले आणि गोळी सरळ बसली, तर उरलेले काम नळीचे.

याला दोन अपवाद करावे लागतात. १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी सरळ आहे, तिला खांदाच नसल्याने पट्टा तिथे आजही आपले मूळ काम करतो. आणि .३७५ घेऊन आफ्रिकेत म्हशीच्या मागावर जाणाऱ्याने खांदा आणखी थोडा मागे ढकलावा, किंवा सरळ कोऱ्या पुंगळ्याच भराव्यात, कारण धुळीने माखलेल्या चेंबरमध्ये दुसरे काडतूस अडखळले, तर वाचवलेल्या पुंगळ्यांचा हिशेब मांडायला तो परत येईलच, याची खात्री देता येत नाही.