दोष काचेचा की डोळ्याचा?

“रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. मोतीबिंदू तर नसेल ना, डॉक्टर?” साठीनंतरचे अनेक रुग्ण ही शंका घेऊन येतात. नेत्रतपासणी करावयाचीच, पण त्याआधी मी विचारतो, की गाडीची पुढची काच आतून शेवटची केव्हा पुसली होती? बहुतेकांना आठवत नाही. बाहेरून काच रोज पुसली जाते, आतून क्वचितच.

उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून द्रव्यांची वाफ सुटते. ती, श्वासातील बाष्प आणि धूळ मिळून काचेच्या आतल्या बाजूस एक तेलकट थर जमतो. दिवसा तो जाणवत नाही. समोरून प्रखर प्रकाश आला, की मात्र तो प्रकाश विखुरतो. वयोमानाने डोळ्यातील भिंगही धूसर होते आणि तेही प्रकाश विखुरू लागते. म्हणून ज्या काचेतून मुलाला ‘ठीक’ दिसते, तीच वडिलांना त्रासदायक ठरते.

काच सावलीत आणि थंड असतानाच पुसावी. तापल्या काचेवर पाणी पुसण्याआधीच सुकते आणि ओघळ उमटतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके क्षारांचे असतात. ते घासून निघत नाहीत. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, कापड भिजवून क्षणभर ठेवावे व मग साध्या पाण्याने पुसावे. मायक्रोफायबरची दोन कापडे घ्यावीत : एक ओलसर, दुसरे कोरडे. द्रव काचेवर न फवारता कापडावर घ्यावा. बाहेरून आडवे आणि आतून उभे हात फिरवले, तर राहिलेला पट्टा कोणत्या बाजूचा हे लगेच कळते. वर्तमानपत्राच्या कागदानेही काच पुसली जाते, पण हात काळे होतात; माझा आग्रह नाही. वायपरचे रबरही ओल्या कापडाने पुसावे, नाहीतर पहिल्याच पावसात सारी मेहनत वाया.

आतली खालची कड पुसण्यासाठी चालकाच्या आसनावरून अंग पिळू नये. स्टिअरिंग आड येते आणि खांदा, कंबर धरते. शेजारच्या आसनावर बसून तळहात वर करून, हाताच्या पाठीने कापड सरकवावे. खांदा आखडलेला असेल, तर हे काम नातवंडांवर सोपवावे. अमोनियायुक्त द्रव बंद गाडीत वापरू नये. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो, शिवाय काचेवरील फिल्मही खराब होते. दारे उघडी ठेवावीत. व्हिनेगर किंवा अमोनियामध्ये ब्लीच कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

याच वेळी चष्माही धुऊन घ्यावा. सदऱ्याच्या टोकाने पुसलेला चष्मा स्वच्छ नसतो.

इतके करूनही दिव्यांभोवती वलये दिसत राहिली, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि तोवर रात्रीचे वाहन चालविणे टाळावे. परंतु वलयांसोबत डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, मळमळ किंवा उलटी झाली, तर तो काचबिंदूचा अचानक झटका असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. गाडी अर्थातच दुसऱ्याने चालवावी.