तृतीय पुरुषाचा विमा

या सदराचे जुने वाचक जाणतात की, दर दिवाळीला मी एखाद्या शब्दाच्या मागे लागते आणि तो मला भलत्याच गल्लीत नेऊन सोडतो. यंदाचा शब्द आहे ‘त्रयस्थ’. वर्गात व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगते, बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय पुरुष आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय पुरुष. हा तिसरा बिचारा समोर हजर असतोच असे नाही. विमेवाल्यांचे व्याकरणही नेमके असेच आहे. पॉलिसी घेणारा पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि या दोघांच्या करारावर ज्याची सही नाही, ज्याला त्या कराराचा बहुधा पत्ताही नाही, पण ज्याच्या डोक्यावर दुकानाची पाटी कोसळते तो तिसरा. मराठीत आपण त्याला त्रयस्थ म्हणतो, म्हणजे ज्याचा काही संबंध नाही असा! हाड मोडते याचे, आणि संबंध नाही म्हणे.

आपल्याकडे विमा म्हटले की घरात अजूनही आयुर्विमाच आठवतो. १९५६ च्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय संसारात मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि विम्याचा हप्ता ही त्रयी पक्की झाली. दुकानदार मंडळी आपल्यापेक्षा थोडी पुढची. नाशकात गोदावरीला पूर आला, की लोक दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल वरच्या माळ्यावर कधी चढवायचा ते ठरते. २००८ आणि २०१६ चे पूर ज्यांनी दुकानात उभे राहून पाहिले, त्यांना मालाच्या विम्याचे महत्त्व कोणी सांगायला नको. मुळात जोखीम वाटून घेणे आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाहीच. जुन्या काळी ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. माल सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर नाही. मात्र त्या हुंडीत काय, आजच्या विम्यात काय, जीव अडकलेला असतो तो आपल्या मालात. लक्ष्मीपूजनाला चोपडीवर आपण ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितो. आपल्यामुळे दुसऱ्याचा जो अलाभ होऊ शकतो, त्याला त्या पानावर जागा नसते.

हे मला सुचले ते आमच्या गल्लीतल्या एका काकूंमुळे. काकू निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पूजेचे ताम्हन घ्यायला त्या भांड्यांच्या एका दुकानात गेल्या. तीस वर्षांचे ओळखीचे दुकान. मालकांनी त्याच वर्षी दर्शनी भाग नवा केला होता. आत चकाकणाऱ्या काचा, वर रंगीत दिव्यांची पाटी आणि खाली गुळगुळीत ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या. सणाचे म्हणून नोकराने पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. काकू ताम्हन घेऊन उतरताना घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, औषधे, सहा आठवडे रात्रीची बाई, सगळे मिळून खर्च अडीच लाखांच्या घरात गेला.

दुकानदार माणूस भला. दुसऱ्या दिवशी फळांची टोपली आणि दहा हजारांचे पाकीट घेऊन दवाखान्यात आले. “काकू, माझ्याच पायरीवर तुम्ही पडलात, मला झोप नाही,” म्हणाले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मुलाच्या डोळ्यांत मात्र संशय आला. दहा हजारांत तोंड बंद करायला आलेत, असे त्याला वाटले आणि त्याने पाकीट परत केले. दुकानदारांना तो अपमान वाटला. पुढे वकिलाची नोटीस गेली, तिला वकिलाचे उत्तर आले, आणि ज्या दोन घरांत तीस वर्षे फराळाची ताटे जात-येत होती, ती बाजारात समोरासमोर आली तरी मान फिरवू लागली.

या दुकानाला विमा नव्हता असे समजू नका. चांगला होता! दुकानदारांनीच एकदा तो कागद माझ्यासमोर टाकला. “बाई, तुम्ही भाषा शिकवता, यात काय लिहिलंय ते मला समजावून सांगा.” अशी पॉलिसी म्हणजे एक पुडकेच असते, निरनिराळ्या कलमांचे. आगीचे एक, घरफोडीचे एक, बँकेत नेताना लुटल्या जाणाऱ्या रकमेचे एक, दर्शनी काचेचे एक, दिव्यांच्या पाटीचे एक, नोकराच्या अफरातफरीचे एक. दुकानदाराने हवी ती निवडायची. यांनी काचेचे घेतले होते, पाटीचे घेतले होते. शेवटच्या पानावर एक कलम होते, दुकानामुळे इतरांना इजा झाली किंवा त्यांच्या वस्तूंची नासधूस झाली तर त्यांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईचे. यालाच सार्वजनिक दायित्वाचा विमा म्हणतात. ते पान कोरे होते. एजंट म्हणाला होता, “कशाला उगीच?” म्हणजे काच फुटली तर काचेचे पैसे मिळणार, त्या काचेवर गिऱ्हाईक आपटले तर गिऱ्हाइकाचे नाही.

बरे, हा एकट्या त्यांचा दोष नाही. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना देणे भाग झाले. छोट्या दुकानदाराला सोयीची आहे. आग, पूर, भूकंप यांत त्याचे जे जाते त्याची ती काळजी घेते. पण तिचाही जीव इमारतीत आणि मालात. तिसऱ्या माणसाचे कलम वेगळे मागून घ्यावे लागते, आणि जे मागावे लागते ते आपण घेत नाही.

जिथे कायद्याने कान धरला तिथे मात्र आपण शिकलो. तुमच्या-आमच्या स्कूटरचेच पहा. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तो विमा सक्तीचा ठरवला आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. गाडीचा स्वतःचा विमा नसला तरी चालते, पण तिच्याखाली येणाऱ्याचा हवाच. पुढे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे गेली, आणि १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. धोकादायक रसायने हाताळणाऱ्याने हा विमा घ्यायचाच, आणि चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता पीडिताला ठरावीक मदत मिळायची. तो कायदा घातक पदार्थांपुरता. ग्रॅनाइटची पायरी त्यात बसत नाही.

गृहिणींना माहीत नसलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकते. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीमागेही असाच विमा आहे, तेल कंपन्यांनी उतरवलेला. गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत (एका अपघातात एकूण ३० लाखांपर्यंत) आणि नोंदलेल्या पत्त्यावरील मालमत्तेसाठी २ लाखांपर्यंत अशी तरतूद सरकारने जाहीर केलेली आहे. त्यासाठी आपण वेगळा हप्ता भरत नाही. पण वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते. किती घरांनी कळवले असेल देव जाणे.

आणि जिथे सक्ती नाही तिथेही शहाणी माणसे आहेत. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जी.एस.बी. सेवा मंडळाने २०२२ च्या गणेशोत्सवासाठी ३१६.४० कोटींचा विमा काढला, तेव्हा वर्तमानपत्रांनी सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे कौतुक केले. त्याच विम्यात मंडपात येणाऱ्या भाविकांसाठी २० कोटींचे सार्वजनिक दायित्वाचे कलमही होते. त्याचा मथळा कोणी केला नाही.

आता जरा परदेशी जाऊ. या सगळ्या कायद्याच्या मुळाशी एक गोगलगाय आहे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी एका उपाहारगृहात श्रीमती डोनह्यू बसल्या होत्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली काळपट, आतले दिसेना. अर्धी प्यायल्यावर उरलेली पेल्यात ओतली तेव्हा कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे बाईंचे म्हणणे. त्या आजारी पडल्या. पण दावा लावायचा कोणावर? पैसे मैत्रिणीने दिलेले, बाटली दुकानदाराने विकलेली, आणि ती भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी बाईंचा काडीचा करार नाही. म्हणजे पुन्हा त्रयस्थच! प्रकरण थेट लंडनला लॉर्डसभेत गेले आणि १९३२ साली दोघांविरुद्ध तिघांच्या मताने बाईंच्या बाजूने लागले. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी प्रश्न टाकला तो एवढाच की, कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिले, माझ्या कृतीची झळ ज्याला लागेल हे मला आधी दिसायला हवे होते, तो. मौज अशी की, त्या बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झाले नाही. त्याआधीच तडजोड झाली. आपल्याकडचे वकीलही त्या निकालाचे नाव घेतात. शेजारधर्म हा शब्द आपल्या भाषेत इतका जुना, पण त्याचा हिशेब मांडायची पाळी आली की आपण त्याला वाटीभर साखरेपलीकडे जाऊ देत नाही.

आता त्या कोऱ्या पानाची दुसरी बाजू सांगते, कारण मला ती खरोखर खुपते. समजा, ते कलम दुकानदारांनी घेतले असते. तर फळांची टोपली चालली असती, पण ते पाकीट चालले नसते. अशा पॉलिसीत एक अट असते की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, देण्याचा शब्दही देऊ नये. प्रथम ही अट वाचली तेव्हा मला ती माणूसघाणी वाटली. माझ्या दारात कोणी पडावे आणि मी आधी पत्र लिहून परवानगी मागावी? आमच्या कॉलेजातले कायदा शिकवणारे सहकारी म्हणाले, “बाई, उचलून दवाखान्यात नेणं, विचारपूस करणं, याला कोणी कबुली म्हणत नाही. आकडा बोलायचा नाही, इतकंच.” विचार केल्यावर मला ते पटू लागले. त्या दोन घरांचे जे बिनसले ते आकड्यावरूनच. दहा हजार हा दुकानदारांच्या मनात सद्भावनेचा आकडा होता, मुलाच्या लेखी तो सौदा झाला. आकड्याचे बोलणे तिसऱ्याच कोणी केले असते, तर फळे नुसती फळे राहिली असती.

विमा घेतला की दुकानदार निष्काळजी होईल, ही शंका आमच्या घरीच निघाली. मला तसे वाटत नाही. जाणूनबुजून केलेल्या कृत्याला हा विमा लागू होत नाही आणि प्रत्येक दाव्यातला पहिला काही भाग विमेदारालाच सोसावा लागतो. शिवाय दुकानाची कायदेशीर जबाबदारी ठरली तरच पैसे. गिऱ्हाईक स्वतःच्या धोतरात पाय अडकून पडले तर नाही. नोकर यात येत नाहीत, त्यांच्यासाठी १९२३ पासून वेगळा कायदा होता. मिसळीच्या हॉटेलवाल्यांनी मात्र नीट विचारून घ्यावे, कारण खाण्यापिण्यातून होणारी बाधा साध्या कलमात बहुतेक वेळा धरलेली नसते, ती वाढवून घ्यावी लागते. नाशकात मिसळ खाणाऱ्यांची रविवारची गर्दी पाहता आणि २०२७ च्या सिंहस्थात बाहेरून येणारी माणसे लक्षात घेता, हे कलम कोणाला जड वाटू नये.

काकूंचे प्रकरण अकरा महिन्यांनी मिटले. दीड लाख, तीन हप्त्यांत, दुकानदारांच्या स्वतःच्या खिशातून. शेवटच्या हप्त्याची पावती लिहायला मलाच बोलावले. मी रीतीप्रमाणे खाली ‘भरून पावले’ असे लिहिले आणि सहीसाठी कागद पुढे केला. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“पैसे मिळाले, इतकंच लिही गं,” त्या म्हणाल्या. “भरून पावले कसं लिहू? अजून काठी सुटली नाही.”

मी दुसरा कागद घेतला.

गेल्या महिन्यात दुकानदारांच्या पॉलिसीचे नूतनीकरण होते. शेवटचे पान या वेळी त्यांनी स्वतःच उघडले. तिथे दोन आकडे लिहायचे असतात, एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात एकूण किती. लेखणी हातात धरून ते बराच वेळ बसले. “बाई, एका माणसाचं किती धरायचं?” मी त्यांना काकूंच्या दवाखान्याचे बिल आठवून बघा म्हटले. पायऱ्यांवर आता खरखरीत दगड बसवला आहे आणि एका बाजूला पितळी कठडा आहे, त्यांच्याच दुकानातल्या नळीचा.

यंदाचे ताम्हन आणायला काकूंनी नातसुनेला पाठवले, ते समोरच्या दुकानात. त्या दुकानालाही ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या आहेत.