यंत्रावरील कुलूप

स्वावलंबन हा शब्द आपल्या सार्वजनिक भाषेंत इतका झिजला आहे कीं, तो कानीं पडतांच सुशिक्षित मनुष्य एक तर मान डोलावतो किंवा जांभई देतो. मान डोलावणाऱ्यास वाटतें कीं, कारखाना देशांत उभा राहिला म्हणजे स्वावलंबन सिद्ध झालें. जांभई देणाऱ्यास वाटतें कीं, हें चरख्याच्या दिवसांतील जुनें पाल्हाळ आहे. दोघांच्याहि ध्यानांत एक गोष्ट येत नाहीं. ज्या यंत्रावर आपलें पाणी, अन्न, वस्त्र व निवारा अवलंबून आहे, तें कोठें बनलें हा प्रश्न दुय्यम आहे. तें बिघडलें असतां उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा व पुन्हां बनविण्याचा अधिकार कोणास आहे, हा मुख्य प्रश्न आहे. प्राथमिक गरजा भागविणाऱ्या यंत्रांची विद्या खुलीच असली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें भूतदयेच्या नव्हे, तर रोकड्या व्यवहाराच्या पायावर मांडण्याचा येथें विचार आहे.

प्रथम पुरावा पाहूं. तो दूरचा नाहीं. 1960 नंतरच्या दशकांत अवर्षणानें गांजलेल्या दख्खनच्या कातळांत खोल कूपनलिका खोदल्या जाऊं लागल्या. त्यांवर बसविलेले बिडाचे हातपंप मुळांत युरोप-अमेरिकेंतील एका कुटुंबाच्या अंगणासाठीं योजलेल्या पंपांच्या नकला होते. जेथें चार माणसांनीं पाणी ओढावयाचें, तेथें सारें गांव पहाटेपासून दांडा हाणूं लागलें. मग बीड फुटलें, सांधे झिजले व पंप बंद पडले. या अडचणींतून जालना येथील मिशनच्या कामांत पोलादी पंप तयार झाला, आणि सोलापुरास त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. पुढें 1970 नंतरच्या दशकांत युनिसेफ, रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा मद्रासचा कारखाना आणि एक यांत्रिक संशोधन संस्था यांनीं सोलापुरी पंपावरून ‘इंडिया मार्क 2’ हा हातपंप सिद्ध केला. अनेक सांध्यांऐवजीं एकच टेकू, आणि दांड्याची ओढ साखळीवाटे सळईस सरळ पोंचविण्याची सोय, हें त्याचें मर्म. 1979 मध्यें त्याचें भारतीय मानक ठरलें.

या पंपाचें पेटंट घेऊन त्यास कोणीं दार लावलें नाहीं. मापें, जोडणी, पोलादाची प्रत हें सर्व मानकांत छापलेलें. इच्छा असेल त्या कारखानदारानें तो बनवावा, मात्र माल तपासणीस उतरला पाहिजे. परिणामीं असे लक्षावधि पंप देशांत बसले, आफ्रिकेंतहि गेले, आणि युगांडानें तर त्यावरूनच आपलें राष्ट्रीय मानक रचलें. याचा दोषहि उघड्यावरच होता. आंतील वॉशर बदलावयाचा तर नळाचे सारे तुकडे वर उपसावे लागत. त्यासाठीं गाडी, हत्यारें व माणसें येईपर्यंत गांव तहानलेलें राही. हा दोष दिसला म्हणून ‘मार्क 3’ मध्यें नळ रुंद करण्यांत आला, आणि नळ न उपसतां दट्ट्या वर ओढतां येऊं लागला. ज्याचें अंतरंग झांकलेलें आहे, त्या यंत्राचा दोष केवळ मालकास ठाऊक असतो. आणि तो काढून टाकण्यांत मालकाचें हित असेलच असें नाहीं.

यावर पहिला आक्षेप ठराविक आहे: मालकी नसेल तर शोध कोण लावील? आक्षेपकांनीं पेटंटचा कायदा तरी नीट वाचावा. पेटंट म्हणजे गुपित नव्हे. शोधाची माहिती जगापुढें मांडावी आणि मोबदल्यांत ठराविक मुदतीचा एकाधिकार घ्यावा, असा तो सौदा आहे. आपल्या देशांत ही मुदत 20 वर्षांची. ती संपली कीं शोध सर्वांचा. या सौद्याशीं आमचें भांडण नाहीं. माहिती न देतांच कायमची मक्तेदारी मिळविण्याची जी नवी युक्ति निघाली आहे, तिच्याशीं आहे. आज ट्रॅक्टरच्या पोटांत संगणक बसतो आणि त्याची किल्ली विक्रेत्यापाशींच राहते. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं याविरुद्ध वर्षानुवर्षें ओरड केली. जानेवारी 2025 मध्यें तेथील संघराज्याच्या व्यापार आयोगानें, दुरुस्तीची मक्तेदारी चालविल्याच्या आरोपावरून, डीअर कंपनीवर खटला भरला. आपल्या केंद्र सरकारनेंहि 2022 मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली व शेतीचीं अवजारें तिच्या कक्षेंत घेतलीं. म्हणजे ज्यास लोक ध्येयवाद्यांचें खूळ म्हणतात, तें सरकारांच्या दप्तरांत केव्हांच शिरलें आहे.

संशोधकास मोबदला देण्याच्या दुसऱ्या वाटाहि आहेत. 1929 मध्यें अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. यंत्राची किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, स्त्रीस तें फारसे श्रम न होतां आठ तास चालवितां यावें, आणि पारितोषिक हवें असल्यास पेटंटचा हक्क संघाकडे सोंपवावा, अशा त्याच्या अटी होत्या. तें पारितोषिक अखेर कोणासहि मिळालें नाहीं. अटी कठोर होत्या असें म्हणावें हवें तर. संशोधकास उपाशी ठेवण्याचा तो बेत होता, असें मात्र कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

आतां दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळूं. पोलंडांत जन्मलेले व अमेरिकेंत पदार्थविज्ञान शिकलेले मार्चिन याकुबोव्स्की यांनीं ‘ओपन सोर्स इकॉलॉजी’ हा उपक्रम 2003 मध्यें आरंभिला. लहानशा आधुनिक वसाहतीस लागणारीं 50 यंत्रें निवडून त्यांचे नकाशे सर्वांस खुले करावे, अशी ही योजना. मिसूरी राज्यांतील आपल्या शेतावर त्यांनीं ट्रॅक्टर व मातीच्या विटा दाबण्याचें यंत्र प्रत्यक्ष उभें केलें, हें त्यांचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु पन्नासहि यंत्रें अद्याप सिद्ध झालेलीं नाहींत, आणि त्यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं. नकाशा हातीं आला म्हणजे यंत्र हातीं आलें, हा कागदावर जगणाऱ्यांचा भ्रम आहे. पोलाद कोणीतरी गाळावें लागतें, बेअरिंग कोणीतरी घडवावें लागतें, जोडकाम तपासावें लागतें. आमच्या हातपंपाचें बेअरिंग खेड्यांत बनत नाहीं आणि बनण्याची जरूरहि नाहीं. एका दारीं नकार मिळाला असतां दुसरें दार ठोठावतां आलें म्हणजे खेडें स्वतंत्र झालें. सर्व दारें बंद करून आंत बसण्यास स्वावलंबन म्हणत नाहींत. शिवाय विद्या खुली असून तपासणी नसेल, तर नामांकित पंपाच्या नांवावर पातळ नळ व हलका माल खपूं लागतो. खुल्या विद्येस मानकाचा पहारा हवाच.

परंतु सर्वांत जड कुलूप आम्हां सुशिक्षितांनींच घातलें आहे. यंत्रविद्येचे आमचे पदवीधर उष्णतेचीं समीकरणें बिनचूक सोडवितात, आणि घरचा पंप अडला कीं मिस्त्रीची वाट पाहत बसतात. तो मिस्त्री ज्या भाषेंत विचार करतो तींत त्याच्या यंत्राचें एकहि नीट पुस्तक नाहीं. मानकें आहेत तीं बहुतेक इंग्रजींत. जो नकाशा वाचतां येत नाहीं, तो खुला असून बंदच. याउलट पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं 1983 मध्यें विज्ञान आश्रम स्थापिला, आणि शाळेनें टाकून दिलेल्या मुलांस जोडकाम, बांधकाम व शेती हातानें करीत शिकण्याची सोय केली. 2002 मध्यें तेथें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाच्या साह्यानें यंत्रनिर्मितीची प्रयोगशाळाहि उभी राहिली. जें काम विद्यापीठांच्या दगडी इमारतींनीं करावयास हवें होतें, तें एका खेड्यानें करून दाखविलें. याची लाज कोणीं बाळगावयाची तें सांगावयास नको.

आमची मागणी आटोपशीर आहे. सार्वजनिक पैशानें तयार झालेला प्रत्येक आराखडा जनतेस खुला असावा. ग्रामपंचायतीनें वा नगरपालिकेनें पाण्याचा पंप किंवा शुद्धीकरणाचें यंत्र विकत घेतांना त्याचे नकाशे, सुट्या भागांची यादी व दुरुस्तीची मराठी पुस्तिका घेतल्यावांचून पैसे चुकते करूं नयेत. आणि विद्यापीठांनीं अशी एक पुस्तिका लिहिणाऱ्यास, कोणीहि न वाचणाऱ्या प्रबंधाइतकें तरी श्रेय द्यावें. ज्यांस या अटी जाचक वाटतात, त्यांनीं एवढेंच सांगावें कीं, ज्या गांवास आपल्या पाण्याचें यंत्र उघडण्याची मनाई आहे, त्या गांवाच्या पाण्याचा मालक कोण?