देव घडविला कोणी, नाव लागले कोणाचे?

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर. तेथील लालपेठेकडे ज्यांचे जाणे झाले असेल, त्यांनी ती अजस्र पाषाणमूर्ती पाहिलीच असेल. दहा तोंडांची दुर्गा, सुमारे पंचवीस फूट लांब, एकाच दगडाची, आकाशाकडे तोंड करून उताणी पडलेली! दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणतात. आसपास आणखीही मूर्ती आहेत. गोंडराजांच्या अमदानीत रायप्पा नावाच्या धनिक व्यापाऱ्याने देवालयासाठी त्या घडवून घेतल्या; तो मेला आणि देवालय राहिले ते राहिलेच. जागेस नाव पडले 'अपूर्ण देवालय'. धनिकाचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पण ज्याच्या हाताने ती दहा तोंडे दगडातून बाहेर आली, त्या पाथरवटाचे नाव काय? आहे कोणी सांगणारा?

गडचिरोली जिल्हा १९८२ साली याच चांद्यातून निघाला. तेथे चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. शिवरात्रीस आमची कुणबी, माळी, तेली, गोंड मंडळी तेथे जत्रेला जातात. भिंतींवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी. कोणी केल्या म्हणून विचारा. कोणी सांगतो, दानवांनी एका रात्रीत! कोणी सांगतो, देऊळ हेमाडपंती! हेमाडपंत हा तेराव्या शतकातील यादवांचा प्रधान. त्याने व्रते, दाने व श्राद्धे यांचा मोठा ग्रंथ लिहिला. जाणकार तर मार्कंड्याची देवळे त्याच्याही आधीची ठरवितात. तरी नाव प्रधानाचे, नाही तर दानवाचे. पाथरवटाचे मात्र कोठेच नाही!

बंधूंनो, दगडातून मनुष्याचा आकार काढणे म्हणजे नुसती मजुरी नव्हे. पाथरवट आधी दगडावर हातोडी टाकून कान देतो. खणखणीत वाजला तर दगड निकोप. बद्द वाजला तर पोटात चीर आहे, तो पुढे दगा देणार. दगडाचे थर कोणत्या अंगास आहेत हे पाहून तो टाकी धरतो. शेतकऱ्यास जशी जमिनीची जात कळते, तशी त्यास दगडाची जात कळते. कुंभाराचा हात चुकला तर माती पुन्हा मळता येते. पाथरवटाच्या हातून नाक उडाले तर ते पुन्हा लागत नाही. हे ज्ञान कोणत्या पोथीत आहे? ते बापाच्या हातून लेकाच्या हातात आले आहे.

कोणी शहाणा म्हणेल, त्याने मजुरी घेतली, मग नाव कशाला हवे? आम्ही विचारतो, मजुरीपुरतेच काम करावयाचे असते तर मार्कंड्याच्या भिंतीवर, जेथे नजरही नीट पोहोचत नाही, तेथे बोटांची नखे व गळ्यातील मण्यांच्या माळा कोरण्याची उठाठेव त्याने का केली? त्याच्या हातालाच चैन पडत नव्हते म्हणून! ही आतली ओढ कोणी धनिक विकत घेऊ शकत नाही.

मूर्ती पुरी झाली की पाथरवट बाहेर आणि भिक्षुक आत. मंत्र पुटपुटून तो म्हणतो, मी प्राण घातला! दक्षिणा त्याची, मान त्याचा. लालपेठेच्या दुर्गेस तर गाभाराच मिळाला नाही. तरी तिच्यापुढे उभा राहणारा मनुष्य दिपून जातो. मग तो प्राण मंत्राचा की टाकीचा?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपली म्हण आहे. दगडाचे सोसणे म्हणीत आले. टाकी मारणाऱ्याचे सोसणे कोणी सांगितले? दगडाची बारीक धूळ छातीत बसते व सिलिकोसिस जडतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने या रोगाची नोंद केली; पण झाडाखाली बसून मूर्ती घडविणाऱ्यास कारखाना कोठला आणि कायदा कोठला?

दोष सगळा दुसऱ्यांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. देवापुढे आपण नारळ फोडतो, पण हा कोणाच्या हातचा, असे विचारत नाही. मध्यस्थ दलाल नको, हे जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून शिकविले. ते येथेही लावा. गावात मूर्ती किंवा पुतळा बसवाल, तेव्हा देणगीदाराच्या पाटीआधी घडविणाऱ्याचे नाव कोरा. भावात घासाघीस करू नका. आणि कारागिरांनो, मुलाला शाळेत घाला, पण टाकीची लाज वाटू देऊ नका. मूर्तीच्या पायाशी आपले नाव त्याला स्वतःच्या हाताने कोरता आले पाहिजे!